खराटा आणि सार्वजनिक आरोग्य

डिसेंबरच्या विसाव्या तारखेला वऱ्हाडातल्या कचेऱ्यांत, शाळांत आणि ग्रामपंचायतींत गाडगेबाबांच्या प्रतिमेला हार घातला जातो. त्या दिवसासाठी नवे कोरे खराटे विकत आणले जातात. शिपायाने आदल्या संध्याकाळी झाडून ठेवलेले आवार मान्यवर मंडळी पुन्हा एकदा झाडतात. छायाचित्रे निघतात आणि खराटे कोठीत जमा होतात. या श्रद्धेत खोट आहे, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. परंतु ज्या माणसाने आयुष्याची पन्नासएक वर्षे गावोगावची घाण उपसण्यात घालविली, त्याने नेमके काय केले, कोणत्या परिस्थितीत केले आणि त्यातून आपल्यावर कोणते दायित्व येते, हे प्रश्न हारांखाली झाकले जातात. गाडगेबाबांना संत म्हणून आपण स्वीकारले आहे. रोगप्रतिबंधाचा विचार करणारा आणि तो कृतीत उतरविणारा पुरुष म्हणून त्यांच्याकडे पाहणे मात्र अद्याप राहूनच गेले आहे.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यात, अंजनगाव सुर्जीनजीकच्या शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडील दारूच्या आहारी जाऊन अकाली वारले, तेव्हा मुलगा जेमतेम आठ वर्षांचा होता. आई सखूबाई त्याला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी माहेरी आली. जन्म अमरावती जिल्ह्यातला आणि वाढ अकोला जिल्ह्यातली, असा हा अस्सल वऱ्हाडी माणूस. मामाच्या घरी त्याने गुरे राखली, नांगर धरला, शाळेची पायरी तो कधी चढला नाही. मामाची जमीन सावकाराच्या कर्जापायी हातची गेली, हेही त्याने उघड्या डोळ्यांनी पाहिले. दारू आणि कर्ज यांनी एक संसार कसा मोडतो, याचे शिक्षण त्याला घरातच मिळाले. पुढे त्याच्या कीर्तनांत हेच दोन विषय पुन्हा पुन्हा आले, याचे नवल वाटावयास नको.

काळ आणि भूमी

हा काळ वऱ्हाडाच्या दृष्टीने विलक्षण होता. निजामाकडून १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली आलेला हा प्रदेश पाहता पाहता कापसाची पेठ बनला होता. अकोला, बडनेरा या मार्गाने लोहमार्ग नागपूरपर्यंत १८६७ साली पोचला. अमरावती आणि अकोला येथील बाजारांत पैसा खेळू लागला. तथापि ज्या काळ्या जमिनीतून हा पैसा निघत होता, तिच्यावर राहणाऱ्या माणसाला पिण्याचे चांगले पाणी मिळत नव्हते. पूर्णेच्या खोऱ्यातला फार मोठा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. तेथे विहीर खणली तरी पाणी खारे लागते. नदीच्या वाळूत झिरा खणावा, डोहातले पाणी भरावे आणि त्याच काठावर गुरे धुवावी, कपडे धुवावे, प्रातर्विधी उरकावे, हा तिथला नित्यक्रम होता. दोन मोठे दुष्काळ, १८९६–९७ चा आणि १८९९–१९०० चा, याच भूमीवर कोसळले आणि अन्नाच्या अभावाने जितकी माणसे खचली, तितकीच पाठोपाठ आलेल्या पटकीने, हगवणीने आणि हिवतापाने नेली.

पटकीचे कारण तोवर जगाला कळून चुकले होते. लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ साली एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याशी तिचा संबंध दाखवून दिला होता आणि रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात तिचा जंतू ओळखला होता. त्या वर्षी डेबूजी आठ वर्षांचे होते. रोग्याच्या विष्ठेतून जंतू पाण्यात जातो, पाण्यातून निरोग्याच्या पोटात जातो, आणि जेथे हजारो माणसे एका काठावर उतरतात, तेथे हे चक्र काही दिवसांतच पूर्ण होते. १८६७ च्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यातून पटकी यात्रेकरूंच्या बरोबर उत्तर हिंदुस्थानभर पसरली, तेव्हापासून यात्रा हा सरकारी आरोग्यखात्याच्या चिंतेचा विषय झाला होता. परंतु प्रयोगशाळेतले हे ज्ञान दापुऱ्यात किंवा शेंडगावात पोचण्याची वाट कोणती होती? तेथे पटकी म्हणजे मरीआईचा कोप होता आणि कोपावर उतारा म्हणजे बकऱ्याचा बळी आणि नवस हा होता. बळीसाठी पुन्हा कर्ज आणि बळीबरोबर पुन्हा दारू. रोग, अंधश्रद्धा आणि कर्ज यांची ही साखळी अर्थशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात इतकी स्पष्ट सापडणार नाही.

डेबूजींनी या साखळीवर पहिला घाव आपल्याच घरी घातला. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू देण्याचे नाकारून त्यांनी पंगतीला गोडाचे जेवण वाढले. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. जातपंचायतीच्या धाकात जगणाऱ्या त्या काळच्या गरीब माणसाला ती किरकोळ नव्हती. पुढे १ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, पत्नी कुंताबाई, मुले आणि वृद्ध आई यांना मागे ठेवून ते पहाटे घराबाहेर पडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर किंवा हातात मडक्याचे खापर आणि जवळ खराटा, असा हा वेष होता. खापरामुळे लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. मागे राहिलेल्या कुटुंबाची या निर्णयाने ओढाताण झाली, हेही चरित्रकाराने लपवू नये. संताच्या त्यागाची किंमत पुष्कळदा त्याच्या घरातील स्त्रिया मोजतात.

ऋणमोचनचा घाट

अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. पौष महिन्यातील रविवारी तेथे मुद्गलेश्वराची यात्रा भरते. नदीचा काठ निसरडा, उतरण चिखलाची. स्नानाला उतरणारे म्हातारेकोतारे घसरत, पाण्यात पडत. बाबांनी त्या गर्दीत देवदर्शनाची रांग धरली नाही. कुदळ आणि फावडे घेऊन ते काठावर पायऱ्या खणू लागले. यात्रेकरूंनी टाकलेल्या पत्रावळी, उष्टे आणि घाण ते झाडून काढू लागले. लोकांना प्रथम हा कोणी वेडा वाटला, मग काही हात मदतीला आले, आणि १९०८ च्या सुमारास तेथे पक्क्या घाटाचे काम उभे राहिले. आंधळे, पांगळे आणि महारोगी यांना यात्रेत अन्न आणि वस्त्र देण्याची प्रथाही त्यांनी येथे पाडली. ज्या रोग्याची सावलीही लोक टाळीत, त्याला त्यांनी पंगतीत बसविले. पुढे स्वातंत्र्याच्या सुमारास डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीजवळ तपोवन येथे कुष्ठरोग्यांची वसाहत उभारली. ज्या जिल्ह्यात हे काम रुजले, त्या जिल्ह्याचे मन आधी कोणी तरी नांगरून ठेवले होते, हे विसरता येत नाही.

ऋणमोचनच्या या कामात बाबांची सारी पद्धत बीजरूपाने दिसते. पहिली गोष्ट, त्यांनी जागा अचूक निवडली. रोग जेथून पसरतो ते ठिकाण म्हणजे यात्रेचा पाणवठा. तेथेच त्यांनी आपले ठाण मांडले. दुसरी गोष्ट, केवळ झाडण्यावर ते थांबले नाहीत. झाडलेली जागा उद्या पुन्हा घाण होते, बांधलेला घाट आणि बांधलेली धर्मशाळा मात्र वर्षानुवर्षे काम देते, हे त्यांनी ओळखले होते. मूर्तिजापूरला १९२५ साली गोरक्षण आणि धर्मशाळा झाली. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथेही धर्मशाळा उभ्या राहिल्या. उघड्यावर, नदीच्या वाळवंटात रात्री काढणाऱ्या हजारो यात्रेकरूंना छप्पर, पाणी आणि स्वच्छता मिळणे हे आरोग्यखात्याच्या शंभर हुकुमांहून अधिक परिणामकारक होते. पंढरपुरात त्यांनी अस्पृश्य मानलेल्या यात्रेकरूंसाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

तिसरी गोष्ट पैशाची. कीर्तनातून मोठ्या देणग्या जमत, पण त्या पैशाला बाबांनी कधी स्वतःचा हात लागू दिला नाही. संस्थांवर विश्वस्त नेमले, आणि आपल्या कुटुंबाला त्यांत हक्क ठेवला नाही. पत्नीने झोपडीत दिवस काढले, पण धर्मशाळेची खोली घेतली नाही. फेब्रुवारी १९५२ मध्ये या सर्व कामासाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. निरक्षर माणसाने सार्वजनिक मालमत्ता आणि खाजगी मालमत्ता यांतली सीमारेषा इतकी काटेकोर पाळावी, ही गोष्ट आजच्या शिकलेल्या विश्वस्तांना विचार करावयास लावणारी आहे.

खराट्यामागील विचार

त्यांचा दिनक्रम ठरलेला असे. गावात शिरताच कोणाशी न बोलता रस्ते, गटारे आणि पाणवठ्याचा परिसर झाडावयास प्रारंभ करावयाचा. दुपारी कामाच्या मोबदल्यात मिळेल ती भाकर खापरात घ्यावयाची. आणि रात्री त्याच झाडलेल्या जागी कीर्तन करावयाचे. कीर्तनही पोथीतले नव्हे. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, श्रोते उत्तर देत आणि उत्तर देता देता आपल्याच अज्ञानापाशी येऊन थांबत. नवसाने मूल होत नाही, बकरे कापून रोग जात नाही, कर्ज काढून सण करू नये, मुलांना शाळेत घालावे, दारूला शिवू नये, हा त्यांचा उपदेश होता. त्यांनी शिष्य केले नाहीत आणि पाया पडू दिले नाही.

या झाडण्यात एक सामाजिक अर्थ दडला होता, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा होता. आपल्या समाजाने घाण करण्याचा अधिकार सर्वांना दिला आणि ती उपसण्याचे काम काही जातींवर जन्मतः लादले. जो घाण करतो त्याला तिची किंमत मोजावी लागत नाही. मग तो ती कमी कशाला करील? अर्थशास्त्राचे विद्यार्थी ज्याला बाह्य परिणाम म्हणतात, त्याचे याहून ढळढळीत उदाहरण दुसरे नाही. एकाने नदीकाठी सोडलेली घाण खालच्या काठावरच्या दुसऱ्याच्या घरात प्रेत पाडते आणि पहिल्याला त्याची वार्ताही नसते. परटाच्या घरी जन्मलेल्या बाबांनी दुसऱ्यांचा मळ धुण्याचा आपला जातिधर्म चव्हाट्यावर आणला आणि तोच सर्वांचा धर्म आहे, असे कृतीने सांगितले. गावचा पाटील, शिक्षक, व्यापारी लाजून खराटा हाती घेत, त्या क्षणी गावातील एक जुनी व्यवस्था थोडी का होईना, हलत असे. हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद करण्यासाठी आपल्याला १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदे करावे लागले, यावरून ती व्यवस्था किती खोल रुतलेली आहे, हे कळून येते.

संसर्गजन्य रोगाने बाबांच्या घरालाही सोडले नाही. १९२३ साली त्यांचा मुलगा गोविंद पिसाळलेले कुत्रे चावल्यामुळे गेला, असे चरित्रांत नमूद आहे. वार्ता आली तेव्हा बाबा कोकणात कीर्तन करीत होते. त्यांनी कीर्तन थांबविले नाही. या प्रसंगाकडे आपण वैराग्याचे उदाहरण म्हणून पाहतो. त्याची दुसरी बाजूही पाहावयास हवी. पाश्चर यांची लस १८८५ पासून अस्तित्वात होती आणि हिंदुस्थानात कसौली येथे तिच्यासाठी १९०० साली संस्थाही निघाली होती. औषध जगात होते, पण ते वऱ्हाडातल्या गरीब घरापासून फार लांब होते. ज्ञान आणि माणूस यांमधील हे अंतर हेच अनेक मृत्यूंचे खरे कारण असते. बाबांनी १९५४ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयापाशी रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी करविली, तेव्हा हेच अंतर त्यांच्या नजरेसमोर असले पाहिजे. गावाकडचा रोगी शहरात आणला तरी त्याच्या माणसांनी राहावे कोठे, हा प्रश्न सोडविल्याखेरीज रुग्णालयाचे दार गरिबाला उघडत नाही.

नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे त्यांनी शेवटचे कीर्तन केले. ६ डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकर गेले आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे येत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. ज्या पूर्णेच्या खोऱ्यात त्यांचा उदय झाला, त्याच खोऱ्यातील एका नदीवर, गाडीत, प्रवासात त्यांचा शेवट झाला. घर म्हणून त्यांच्या नावावर काहीही नव्हते.

मर्यादा आणि दायित्व

बाबांच्या कार्याची मर्यादाही मोकळेपणाने मान्य करावयास हवी. खराट्याने पटकीचा जंतू मरत नाही. १९१८ च्या मानमोडीने मध्य प्रांत आणि वऱ्हाडात जो संहार केला, त्यापुढे कोणाचाही खराटा चालणारा नव्हता. पटकी हटली ती नळाच्या पाण्याने, बंद गटारांनी, पाण्यात टाकलेल्या क्लोरीनने. आणि तिचा मृत्यूदर घसरला तो मीठ-साखरेच्या पाण्याने, ज्याचा मोठ्या प्रमाणावरील उपयोग डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सिद्ध करून दाखविला. पंढरीच्या वारकऱ्यांना एके काळी सक्तीने टोचली जाणारी लसदेखील अल्पकाळ आणि अपुरे संरक्षण देई. १९७३ साली आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तिची अट काढून टाकण्यात आली. अखेर प्रश्न पाण्यापाशी आणि मैल्यापाशी येऊन ठेपतो, आणि ही कामे एकट्यादुकट्याच्या पुण्याईने होणारी नाहीत. त्यांना कर लागतो, अंदाजपत्रक लागते, दुरुस्तीची तरतूद लागते.

नेमक्या याच ठिकाणी बाबांच्या नावाचा आपण सोयीस्कर उपयोग करीत आलो आहोत. राज्य शासनाने २००० साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. कित्येक गावांनी त्यातून खरोखर कात टाकली, हे मान्य केलेच पाहिजे. पण कित्येक गावे तपासणी समिती येण्याच्या आधी झाडली गेली आणि समिती परतल्यावर पूर्ववत झाली, हेही कोणा शिक्षकाला किंवा ग्रामसेवकाला नव्याने सांगावयास नको. अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव २००५ साली मिळाले. नाव देणे स्वस्त असते. नळ चालू ठेवणे खर्चाचे असते.

याच अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातील पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत, जुलै २०२२ मध्ये पटकीची साथ उद्भवली आणि माणसे दगावली. विजेचे बिल थकल्यामुळे गावच्या पाणीयोजनेची वीज तोडण्यात आली होती आणि लोक उघड्या विहिरीचे पाणी पीत होते, असे त्या वेळच्या वृत्तांतून पुढे आले. कॉख यांच्या शोधाला तेव्हा एकशे अडतीस वर्षे झाली होती. ही साथ अज्ञानाने आली नाही, दैवी कोपानेही आली नाही; ती एका न भरलेल्या बिलातून आली. त्या बिलाची रक्कम आणि गेलेल्या जिवांचे मोल यांची तुलना करण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेची चाहूल राज्यात प्रथम अमरावती आणि अकोला याच जिल्ह्यांत लागली होती. तेव्हा रुग्णालयांत खाटा, प्राणवायू आणि माणसे यांची किंमत आपण सर्वांनी ओळखली. साथ ओसरली आणि ती ओळखही ओसरली.

सार्वजनिक आरोग्याचे दुर्दैव हे की, त्यावर केलेला खर्च यशस्वी झाला तर काहीच घडत नाही, आणि काही घडले नाही म्हणून तो खर्च व्यर्थ वाटू लागतो. न झालेल्या साथीचा सत्कार कोणी करीत नाही. म्हणून विजेचे बिल थकते, टाकी धुतली जात नाही, क्लोरीनची पावडर संपते आणि कुत्रे चावल्याची लस केंद्रात नसते. बाबांचे मोठेपण या ठिकाणी आहे. जे काम दिसत नाही, ज्याचे श्रेय मिळत नाही, ते त्यांनी रोज केले आणि त्यासाठी टिकाऊ घाट बांधले, चोख हिशेब ठेवले, विश्वस्त नेमले.

मग २० डिसेंबरला आपण काय करावे? झाडावे, जरूर झाडावे. परंतु त्याच दिवशी प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या पाणीयोजनेचा जमाखर्च, थकलेले वीजबिल, टाकी धुतल्याच्या तारखा आणि पाण्याच्या तपासणीचा निकाल चावडीवर जाहीर वाचून दाखवावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून तो फळ्यावर लिहून घ्यावा. कारकुनांनी त्या आकड्यांना खाडाखोडीपासून जपावे. आणि जेथे बिल थकले असेल, तेथे गावाने, जिल्हा परिषदेने आणि शासनाने ते कोणी भरावयाचे हे त्याच बैठकीत ठरवावे. ऋणमोचन या शब्दाचा अर्थ ऋणातून सुटका असा आहे. बाबांचे ऋण हारांनी फिटणारे नाही. पाचडोंगरीच्या नळाला पाणी येत राहील आणि ते पिण्याजोगे असेल, तेव्हाच त्यातला काही अंश फिटला, असे म्हणता येईल.